सफरीचे प्रश्न: स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर थोडंच बघा, पण थांबून बघा

मागच्या अंकात स्कॉटलंडच्या अर्गाइल भागाबद्दल थोडंसं लिहिलं होतं, म्हणजे ओबन, मल बेट, लॉख ऑ, इन्व्हरेरी हा सगळा पट्टा, आणि त्यावर इतके प्रश्न आले की निवडताना जड गेलं. एकसारखे होते ते एकत्र केलेत.

मुलगी मँचेस्टरला असते. जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय, वय ६६ आणि ६२. जावयांनी सात दिवसांचा स्कॉटलंडचा प्लॅन केलाय, एडिंबरा, लॉख नेस, स्काय, ओबन, ग्लासगो, आणि जवळपास रोज हॉटेल बदलायचं आहे. यांचे गुडघे दुखतात. एवढं झेपेल का, आणि सोडायचं तर काय सोडायचं?
एक वाचक, कोथरूड, पुणे

ताई, झेपेल की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा, पण या प्लॅनमध्ये तुम्हाला स्कॉटलंड दिसणारच नाही, गाडीची काच दिसेल. जावयांचा उत्साह मी समजू शकते, नकाशावर सगळं जवळजवळ वाटतं, पण तिकडचे रस्ते लॉखच्या, म्हणजे तलावाच्या किंवा खाडीच्या, काठाकाठाने वळसे घेत जातात, समोरचा किनारा हाताच्या अंतरावर दिसत असतो आणि तिथे पोचायला पाऊण तास लागतो. ओबनहून स्काय बेटावरचं पोर्ट्री गाठायला चार तासांच्या आसपास जातात, तेही मध्ये फोटोला न थांबता.

माझं स्पष्ट मत, स्काय आणि लॉख नेस या खेपेला सोडा. एडिंबरा मँचेस्टरहून ट्रेनने वेगळं करता येतं, दोन रात्री राहून या. आणि हे सात दिवस पूर्ण अर्गाइलला द्या.

पहिल्या दिवशी मँचेस्टरहून निघून लॉख लोमंडच्या काठावर लस नावाचं छोटं गाव आहे तिथे किंवा जवळपास मुक्काम करा. लोमंड हा क्षेत्रफळाने ग्रेट ब्रिटनमधला सगळ्यात मोठा तलाव, ७१ चौरस किलोमीटर. संध्याकाळी काठावर नुसतं बसायचं, जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो. दुसऱ्या दिवशी ए८३ रस्त्याने ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ ही खिंड चढून इन्व्हरेरीला उतरायचं. या खिंडीत पावसाळी हवेत दरडी कोसळतात आणि रस्ता बंद करतात, म्हणून निघायच्या सकाळी ट्रॅफिक स्कॉटलंडची वेबसाइट बघायला सांगा जावयांना. बंद असेल तर क्रिअनलॅरिकवरून जाता येतं.

इन्व्हरेरी हे पांढऱ्या भिंतींचं, सरळ रेषेत बांधलेलं गाव लॉख फाइनच्या काठावर आहे. हा समुद्राचा लॉख, आपल्या खाडीसारखी भरती-ओहोटी असते, आणि लांबीला साधारण ६५ किलोमीटर. गावाची गोष्ट अशी की अठराव्या शतकात अर्गाइलच्या ड्यूकला नवा कॅसल बांधायचा होता, १७४६ मध्ये पाया घातला, आणि जुनं गाव त्याच्या नजरेसमोर येत होतं म्हणून अख्खं गावच उचलून थोडं पुढे नव्याने वसवलं. म्हणजे आज आपण ज्या गावाला सुंदर, आखीव म्हणतो ते कुणाची तरी घरं हलवून झालेलं आहे, हे तिथे फिरताना लक्षात असू द्या. कॅसल आतून बघण्यासारखा आहे, शस्त्रांच्या दालनाचं छत २१ मीटर उंच आहे, आणि जिने बेताचे आहेत. हिवाळ्यात मात्र बंद असतो.

मग चार रात्री ओबन. एकच खोली, बॅगा एकदाच उघडायच्या. आणि शेवटची एक रात्र मलवर टोबरमोरीत, १७८८ मध्ये मासेमारीचं बंदर म्हणून वसवलेलं गाव, धक्क्यालगत लाल-पिवळी-निळी घरं. ओबनहून मलवरच्या क्रेगन्यूरची फेरी बोट पाऊण-एक तासाची आहे, लिफ्ट असते, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नाही, पण गाडी न्यायची असेल तर जूनचं बुकिंग आत्ताच करा, माणसांना ऐनवेळी जागा मिळते पण गाडीला मिळत नाही.

आणि हो, शेंगेन व्हिसावर ब्रिटनमध्ये जाता येत नाही, ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढायचा असतो. हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की इथेच लिहून टाकते.

मी गड-किल्ले फिरणारा माणूस. पडदे, झुंबरं आणि ड्यूकची जेवणाची भांडी बघण्यात मला रस नाही. अर्गाइलमध्ये खरे, लढलेले किल्ले कुठले? आणि आपल्या इतिहासाशी काही संबंध लागतो का?
एक वाचक, सातारा

तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण तिकडे गेलेले आपले लोक बहुतेक वेळा सजवलेले कॅसल बघून येतात आणि पडके तसेच राहतात.

सुरुवात डंबार्टनपासून करा. ग्लासगोहून लोमंडकडे जाताना क्लाइड नदीच्या काठावर ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्ह्याचा एक उघडा खडक एकदम वर उठलेला दिसतो, त्यावर हा किल्ला, ५५७ पायऱ्या. इथल्या वस्तीचा उल्लेख पार पाचव्या शतकापासून येतो. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच गावात आहे, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा जन्म डंबार्टनचा, १७७९ चा. पुण्याचा रेसिडेंट, खडकीच्या लढाईच्या वेळचा, पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याच्या गादीचा बंदोबस्त ज्याच्या हातून झाला आणि पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर, तोच हा. साताऱ्याच्या माणसाने त्या खडकावर उभं राहून खालचं गाव बघावं असं मला मनापासून वाटतं.

पुढे लॉख ऑच्या टोकाला किलचर्न. पंधराव्या शतकाच्या मध्यात ग्लेनॉर्कीच्या कॅम्बेल घराण्याने बांधलेला पाच मजली बुरूज, १६९० च्या दशकात त्याला सैनिकांच्या बराकी जोडल्या, १७६० च्या सुमाराला वीज पडली आणि मग तो ओसाडच राहिला. विजेने उडालेल्या एका मनोऱ्याचा तुकडा अजून अंगणात उलटा पडलेला आहे. आत कधी सोडतात, कधी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, पण तलावाच्या पलीकडून ए८१९ रस्त्याकडून जो दिसतो तो बघायला सकाळी लवकर जा, वारा नसेल तर पाण्यात अख्खा उतरलेला असतो.

ओबनच्या उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर डनस्टॅफनिज. हा माझा सगळ्यात आवडता. तेराव्या शतकात मॅक्डूगल घराण्याने बांधला, आणि बांधणारा किती हुशार होता ते पायथ्याशी उभं राहिल्यावर कळतं, नैसर्गिक खडक कुठे संपतो आणि तटबंदी कुठे सुरू होते हे पटकन सांगता येत नाही, आपल्याकडे कातळकडा तासून वर तट उभारतात तीच बुद्धी. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याने १३०८-०९ च्या सुमाराला तो जिंकून घेतला. १७४६ मध्ये बंडखोर राजपुत्राला पळून जायला मदत करणाऱ्या फ्लोरा मॅक्डोनल्डला काही काळ इथे कैदेत ठेवलं होतं.

कॅसल स्टॉकर लांबूनच बघायचा, अ‍ॅपिनजवळ पाण्यातल्या एवढ्याशा खडकावर एकच बुरूज, साधारण १४४० च्या दशकातला, खाजगी मालकीचा आहे, ठरावीक दिवशी बोटीने नेतात पण त्याचं बुकिंग लवकर भरतं. तिथून तासाभरात ग्लेनकोला पोचता. ग्लेनको किल्ला नाही, दरी आहे, पण १३ फेब्रुवारी १६९२ ला तिथे काय झालं ते माहीत करून मगच जा. राजाच्या सैन्यातली एक तुकडी, नेता कॅम्बेल, मॅक्डोनल्डांच्या घरांत जवळजवळ दोन आठवडे पाहुणी म्हणून राहिली, त्यांचंच अन्न खाल्लं, आणि एका पहाटे यजमानांनाच मारायला सुरुवात केली. सुमारे ३८ माणसं मारली गेली, बाकीचे बर्फात पळाले, त्यातले कितीतरी थंडीने गेले. खाल्ल्या मिठाला न जागणं म्हणजे काय हे आपल्या माणसाला वेगळं समजवायला लागत नाही. तिथले लोक अजूनही ही गोष्ट कालची असल्यासारखी सांगतात.

अजून एक, डनॅड. दक्षिणेला किलमार्टिनच्या खोऱ्यात छोटीशी टेकडी आहे, वर तट वगैरे फार उरलेलं नाही, पण खडकात कोरलेला एक पाऊलठसा आहे, डाल रिआडा या जुन्या राज्याच्या राजांना राज्याभिषेकाच्या वेळी त्यात पाऊल ठेवायला लावत असत असं मानतात. अर्ध्या तासाची चढण. वरून दलदलीचं सपाट रान आणि लांब समुद्र दिसतो.

हिंदी सिनेमाच्या गाण्यात जो पुलावरचा कॅसल सगळ्यांनी पाहिलाय तो आयलन डोनन, तो अर्गाइलमध्ये नाही, स्कायच्या वाटेवर आहे. दिसायला देखणा, पण मूळ किल्ला १७१९ मध्ये ब्रिटिश आरमाराने उडवून दिला आणि आजचं बांधकाम विसाव्या शतकातलं, १९३२ ला पुरं झालेलं. तुम्हाला खरे दगड हवेत, तर त्यासाठी मुद्दाम तेवढं लांब जाऊ नका.

गाडी भाड्याने घेऊन आम्ही चार मित्र जाणार आहोत. भारतातलं लायसन्स चालतं का? आणि एकेरी रस्त्यांबद्दल खूप भीती घातलीय लोकांनी.
एक वाचक, नाशिक

लायसन्स चालतं, पाहुणा म्हणून आलेल्याला १२ महिन्यांपर्यंत चालतं, आपल्या स्मार्ट कार्डवर इंग्रजी असतंच. तरी गाडी देणाऱ्या कंपनीची स्वतःची अट काय आहे ते ईमेलवर आधी लिहून घ्या, काही जण आंतरराष्ट्रीय परमिट मागतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं बुकिंग करतानाच सांगा. गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे आपल्याला ते सोपं जातं.

एकेरी रस्ते म्हणजे एकच गाडी मावेल एवढा डांबरी रस्ता, वाहतूक मात्र दोन्हीकडून, आणि दर थोड्या अंतरावर बाजूला फुगवटा असतो, त्याला पासिंग प्लेस म्हणतात. मलवर बहुतेक रस्ते असेच आहेत. समोरून गाडी आली आणि फुगवटा तुमच्या डावीकडे असेल तर त्यात शिरा, उजवीकडे असेल तर आत घुसायचं नाही, आपल्याच बाजूला त्याच्यासमोर थांबायचं आणि समोरच्याला वळून जाऊ द्यायचं. जो सोय करून देतो त्याला हात वर करून आभार मानतात, हे विसरू नका, तिथे ते फार महत्त्वाचं आहे. मागे एखादी गाडी घुटमळत असेल तर तिलाही पुढे जाऊ द्या, ती डॉक्टरची असेल, शाळेच्या बसची असेल, तुम्ही फिरायला आलाय पण त्यांना कामाला जायचंय. आणि फुगवट्यात गाडी लावून फोटो काढायला उतरणं हे कृपा करून करू नका, स्थानिक लोक याला इतके वैतागलेत की विचारू नका. मेंढ्या रस्त्यात बसलेल्या असतात, त्या उठत नाहीत, थांबायचं.

चार मित्र आहात म्हणून सांगते, ओबनच्या मधोमध १७९४ ची व्हिस्कीची डिस्टिलरी आहे आणि तुम्ही जाणार हे मला माहीत आहे, तर स्कॉटलंडची दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, २०१४ पासून १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, इंग्लंडमध्ये ८०. चालवणाऱ्याने घ्यायचीच नाही. बऱ्याच डिस्टिलऱ्या चालकाला त्याचा वाटा छोट्या बाटलीत भरून घरी न्यायला देतात, मागून घ्या.

पेट्रोल मोठ्या गावात भरून घ्या आणि नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा, दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं.

मी भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी, अंधेरीलाच राहते. स्टाफा बेटाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत! प्लीज जरा सविस्तर लिहा.
एक वाचक, अंधेरी

लिहिते, आणि आनंदाने. तुझ्या घराजवळची गिल्बर्ट हिल आणि स्टाफा ही एकाच जातीची गोष्ट आहे. दोन्हीकडे बेसॉल्टचे उभे खांब, लाव्हा थंड होताना आकसला, त्याला तडे गेले आणि ते तडे आत आत उतरत गेले म्हणून तयार झालेले, बरेचसे सहाकोनी. वय मात्र वेगळं, आणि उगमही. गिल्बर्ट हिल दख्खनच्या लाव्ह्याच्या काळातली, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. स्टाफा त्यानंतरचं, साडेपाच ते सहा कोटी वर्षांच्या मधलं, उत्तर अटलांटिक महासागर फाटून उघडत होता तेव्हाचं, आयर्लंडचा जायंट्स कॉजवे त्याच घराण्यातला.

स्टाफावर तीन थर नीट बघ. सगळ्यात खाली राखेचा टफ, त्यावर सरळ उभे शिस्तीतले खांब, आणि वर वेडावाकडा, गुंतलेला थर. खालचा भाग सावकाश आणि एकसारखा थंड झाला म्हणून खांब सरळ आले, वरचा भराभर निवला म्हणून विस्कटला. फिंगल्स केव्ह ही गुहा समुद्राने या खांबांमध्येच कोरलीय, आत लाट शिरली की खोल घुमतं, आणि तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये येत नाही, तिथे उभं राहूनच ऐकावा लागतो. १७७२ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स तिथे जाऊन आला आणि बाहेरच्या जगाला हे बेट कळलं, १८२९ मध्ये वीस वर्षांचा जर्मन संगीतकार मेंडेल्सन इथल्या हेब्रिडीज बेटांवर आला आणि त्या सफरीतून त्याची एक प्रसिद्ध ओव्हर्चर, म्हणजे वाद्यवृंदाची रचना, जन्मली.

बोटी मलच्या फिनफर्टहून, आयोनाहून आणि टोबरमोरीहून निघतात. समुद्र खवळला तर निघत नाहीत किंवा बेटावर उतरवत नाहीत, तेव्हा आधी फोन करून विचार आणि हातात एक दिवस जास्तीचा ठेव. एप्रिलअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत पफिन पक्षी असतात. मलवर परत येताना डोंगरांकडे बघ, लाव्ह्याच्या थरावर थर, पायऱ्या पायऱ्यांचे उतार, सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांना ते लगेच ओळखू येतात.

आणि अभ्यासात जलविद्युत असेल तर लॉख ऑच्या काठी क्रूअखन बघ, १९६५ मध्ये सुरू झालेलं वीजकेंद्र, यंत्रांचं दालन डोंगराच्या पोटात आहे. स्वस्त वीज असते तेव्हा खालच्या लॉखचं पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडायचं, आपल्या घाटघरला तेच तत्त्व. टूर सुरू आहेत का ते आधी बघून घे.

सासूबाई-सासरे पूर्ण शाकाहारी, आम्ही दोघं मासे खाणारे. त्या खेड्यांमध्ये खायचं काय? घरून काय न्यावं?
एक वाचक, डोंबिवली

तुमची मजा आहे आणि त्यांचीही अडचण होणार नाही, फक्त थोडी तयारी लागते. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं कॉटेज घ्या. ओबनला मोठी सुपरमार्केट आहेत, टोबरमोरीतही दुकान आहे, तांदूळ, डाळी, भाज्या, दही सगळं मिळतं, मसाले आणि गव्हाचं पीठ ग्लासगोतल्या भारतीय दुकानातून घेऊन पुढे निघा.

घरून मेतकूट, थालीपिठाची भाजणी, चिवडा, चटण्या न्या. पण तूप, पेढे, श्रीखंड, खवा नेऊ नका, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि सासूबाईंनी घरी कढवलेलं तूप कचऱ्यात जाताना बघवणार नाही.

बाहेर खाताना दोन गोष्टी विचारायच्याच. चिप्स कशात तळल्यात, कारण काही दुकानांत गोमांसाच्या चरबीत तळतात, हे तुम्हा मासे खाणाऱ्यांनाही लागू. आणि सूप शाकाहारी दिसलं, अगदी डाळीचं, तरी त्याचा रस्सा कशाचा आहे ते विचारा. शाकाहारी हॅगिस बऱ्याच ठिकाणी मिळतं, ओट्स, डाळी, कडधान्यं आणि मिरपूड, सोबत कुस्करलेला बटाटा आणि सलगमासारखा पिवळा कंद. सासऱ्यांना आवडेल असं वाटतं.

तुम्ही दोघं मात्र ओबनच्या धक्क्यावर जा. लांगोस्टिन म्हणजे मोठ्या कोळंबीसारखे, शिंपले, खेकडे, ताजे. धुरी दिलेल्या हॅडॉकचं दुधातलं सूप, त्याला कलन स्किंक म्हणतात, थंड दुपारी त्यासारखं दुसरं काही नाही. किपर म्हणजे धुरी दिलेला हेरिंग, सुक्या बांगड्यावर वाढलेल्यांनी नाश्त्याला नक्की घ्यावा. आणि जेवायला उशीर करू नका, खेड्यातल्या पबची स्वयंपाकघरं आठ-साडेआठला बंद होतात, बाहेर लख्ख उजेड असतो म्हणून वेळेचं भान राहत नाही.

कुठला महिना चांगला? पाऊस आणि ते चावरे किडे किती त्रास देतात?
वाचक, ठाणे आणि कोल्हापूर

मे. पाऊस बाराही महिने असतो, पण मेमध्ये त्यातल्या त्यात कमी, दिवस मोठा, आणि मिज नावाचे ते बारीक चिलट अजून जोरात आलेले नसतात. जून ते ऑगस्ट त्यांचा हंगाम, ढगाळ, वारा पडलेली संध्याकाळ असली की थव्याने येतात. वारा असेल तर उडूच शकत नाहीत, म्हणून समुद्रकाठी त्रास कमी, आतल्या झाडीत जास्त. तिकडच्या दुकानात मिजसाठीचं मलम आणि डोक्यावरून घालायची जाळी मिळते, ती घ्या. छत्री नको, वाऱ्याने उलटते, चांगलं रेनजॅकेट न्या.

ग्लासगोला शिकते, गाडी नाही, बजेट कमी, एकटी आहे. एका वीकेंडमध्ये काय होईल?
एक वाचक, मूळची नागपूरची

खूप होईल. शनिवारी सकाळी क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून ओबनची ट्रेन पकड, तीन तासांहून थोडं जास्त. आधी समुद्राचे लॉख डावीकडे दिसतात, आरोखर सोडलं की लॉख लोमंड उजवीकडे, म्हणून जागा मिळेल तिथे बस आणि मध्ये उठून बाजू बदल. क्रिअनलॅरिकला गाडीचे दोन भाग होतात, एक ओबनला आणि एक फोर्ट विल्यम-मॅलेगला, तेव्हा आपण ओबनच्या डब्यात आहोत ना हे चढतानाच बघून घे.

ओबनला हॉस्टेल आहे. संध्याकाळी मॅकेग टॉवरवर चढ, रोमच्या कलोसियमसारखं गोल बांधकाम, १८९७ मध्ये काम सुरू झालं, बांधवून घेणारा बँकर वारला आणि ते तसंच अर्धवट राहिलं, वरून मलपर्यंत सगळी बेटं दिसतात. रविवारी पहिल्या फेरीने, गाडीशिवाय, नुसतं तिकीट काढून क्रेगन्यूरला जा. जाताना डावीकडे कड्यावर मॅक्लीन घराण्याचा ड्यूअर्ट कॅसल दिसतो. तिथून फिनफर्टला बस आणि पुढे दहा मिनिटांच्या होडीने आयोना, सन ५६३ मध्ये कोलंबा हा ख्रिस्ती संत आयर्लंडहून येऊन उतरला ते बेट, पाहुण्यांच्या गाड्यांना तिथे बंदीच आहे, त्यामुळे चालणाऱ्याचं राज्य. रविवारच्या बसेस कमी असतात, परतीची बस, फेरी आणि ट्रेन एकमेकांना जुळतायत का हे शुक्रवारीच वेळापत्रकात बघून लिहून ठेव, आणि जुळत नसेल तर आयोना शनिवार-रविवार सोडून सुट्टीच्या एखाद्या मधल्या वारी कर.